दुर्बिणीचा रकाना

लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही रडारवर होता ना? मग शत्रूची विमानं दिसायची का?" मी खरं ते सांगतो. माझ्या रडारला एकच विमान दिसायचं, तेही आपलंच, आणि ते येणार आहे हे सगळ्यांना आदल्या दिवशीच माहीत असायचं. एवढं ऐकल्यावर विचारणाऱ्याचा रस संपतो आणि तो ताटातल्या वांग्याच्या भाजीकडे वळतो. या अंकाच्या संपादकांचा रस मात्र संपला नाही. "कामाबद्दल लिहा आणि सोपं लिहा," असा त्यांनी दोन महिने तगादा लावला. सोपं लिहिता येतं. त्या कामात मी एक गोष्ट केली, ती लिहायला मात्र जड जाते आहे.

खात्याचं नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून पेन्शन घेतात आणि मीही घेतो. १९८०च्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीच्या जंगलाखाली जमिनीत काय दडलं आहे हे शोधायला एक विमान ठरलेल्या उंचीवरून, आखून दिलेल्या रेघांवर उडायचं. त्याच्या पोटातलं यंत्र खालच्या जमिनीचं चुंबकत्व मोजायचं. आकडा मिळाला तरी तो कुठला, हे कळायला नको का? खाली पाहावं तर मैलोन् मैल सारखंच दिसणारं रान. साग, मोह, ऐन आणि परत साग. म्हणून प्रत्येक सेकंदाला विमान नेमकं कुठं होतं हे जमिनीवरून सांगायचं काम आमच्याकडे आलं. मूल गावाच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं एक बोडकी टेकडी होती. तिच्यावर आमचं रडार, एक जनरेटर, तीन तंबू आणि चार माणसं. त्यातला एक स्वयंपाकी. तो दिवसभर ट्रान्झिस्टरला कान लावून बसे, म्हणून त्याला माणसात धरायचं की नाही हा प्रश्नच होता.

आता रडार. लांबच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. तो किती वेळाने आला यावरून डोंगर किती लांब ते कळतं. रडार तेच करतं, फक्त हाक रेडिओच्या लहरींची. इथवर शाळेतल्या मुलालाही समजतं. गंमत पुढे आहे. लांबी कळली, पण दिशा? विमान डावीकडे किती, वर किती? आमच्या ताटलीतून, म्हणजे रडारच्या गोल अँटेनातून, निघणारा झोत काही सुईसारखा बारीक नव्हता. चाळीस किलोमीटरवर तो एखाद्या गावाच्या शिवारापेक्षा रुंद होई. एवढ्या रुंद झोतात विमान कुठंतरी आहे, एवढ्यावर नकाशा होत नाही.

त्यावरची युक्ती अशी. हातात टॉर्च घ्या. तिचं तोंड किंचित तिरकं धरा आणि मनगट गोल गोल फिरवा. भिंतीवर उजेडाचं एक कडं फिरताना दिसेल. कड्याच्या अगदी मधोमध खिळा असेल तर त्याच्यावर उजेड सारखाच राहतो. खिळा जरा उजवीकडे असेल तर झोत उजवीकडे गेला की तो जास्त चमकतो, डावीकडे गेला की मंदावतो. आमच्या ताटलीतला झोत असाच सेकंदाला तीस वेळा गरगरत असे. परत येणारा आवाज कुठल्या बाजूला वाढतो आहे ते यंत्र पाही आणि मोटरला सांगे, उजवीकडे सरक. मोटर सरकली की वाढ-घट थांबे. विमान पुढे गेलं की पुन्हा वाढ-घट, पुन्हा सरकणं. ताटली कुठे वळली आहे ते तबकडीवर वाचायचं. एक कोन आडवा, एक उभा, आणि लांबी. तीन आकडे मिळाले की झालं.

म्हणजे रडारला दिशा कळतच नाही. त्याला फक्त आपलं कुठं चुकतं आहे ते कळतं, आणि तेवढ्यावर ते विमानाच्या मागे राहतं. मला हे यंत्र आवडायचं याचं खरं कारण हे होतं. चूक कळल्याबरोबर मुकाट सरकणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, आणि मी त्यातला नव्हतो हे पुढे कळेलच.

यंत्र भोळंही असतं. विमान नसेल त्या दिवशी आम्ही सरावाला फुगा सोडायचो. त्याला चंदेरी कागदाची चौकट बांधलेली असे, तिच्यावरून आवाज छान परत येई. एकदा दुपारी फुगा सुरेख वर चढला आणि मग एकाच उंचीवर घिरट्या घालू लागला. मी वीस मिनिटं आकडे उतरवत होतो. मूलवरचा वारा गोल फिरतो आहे असा शोध आपल्या हातून लागतो आहे, या कल्पनेने मला घाम फुटला होता. शेवटी ताटलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला तर समोर गिधाड. फुगा मधेच फुटून पडला होता आणि त्याच जागी पंख पसरून आलेल्या पक्ष्याला यंत्राने इमानदारीने धरून ठेवलं होतं. त्या काळी गिधाडं भरपूर होती. आमचे इनचार्ज वैरागडे साहेब जवळ जवळ आठवडाभर मला "पक्षीमित्र" म्हणत होते.

तेव्हापासून मी शिकलो की आधी दुर्बीण, मग यंत्र. ताटलीच्या काठाला ती दुर्बीण पक्की बसवलेली असे. ताटली जिकडे, दुर्बीण तिकडे. जुनी होती, तिच्यात सगळं उलटं दिसे. वर जमीन आणि खाली आभाळ.

रोज सकाळी आठ वाजता पहिलं काम कोन जुळवण्याचं. तबकडीवरचा आकडा खरा आहे कशावरून? म्हणून टेकडीखाली दीड किलोमीटरवर, एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खात्याने एक खांब पुरला होता. त्याच्या डोक्यावर तीन पत्रे काटकोनात जोडलेला डबा, म्हणजे आवाज नीट परत यावा. डब्याखाली पांढरी पाटी आणि तिच्यावर काळी फुली. खांबाची खरी दिशा मोजणीवाल्यांनी आधीच ठरवून दिली होती. रडारने खांब धरायचा, दुर्बिणीतून फुली मधोमध आहे का ते बघायचं, मग तबकडी त्या ठरलेल्या आकड्यावर आणायची. रजिस्टरात दोन रकाने होते. एक रडारचा, एक दुर्बिणीचा. दोन्ही भरून खाली सही. सगळी पाच मिनिटांची बाब.

खांब ज्या शेतात होता ते गिरजाबाईचं. नवरा नाही, म्हातारी सासू आणि दीड एकर धान. शेतातच, खांबापासून तीस-बत्तीस पावलांवर तिची तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, शाकारलेली झोपडी होती. खांबाची राखण खात्याने तिच्याकडेच दिली होती. डबा पुसायचा, त्यात कावळ्यांना घरटं करू द्यायचं नाही, शेळ्यांना खांबाला अंग घासू द्यायचं नाही. तिच्याकडे जाणं-येणं सगळं आमच्या जनरेटरवाल्या पुंडलिकचं. मला खाली उतरायचं कारण कधी पडलं नाही.

मी तिला ओळखत होतो ते दुर्बिणीतून आणि उलटी. सकाळी आठला मी फुली शोधायचो तेव्हा ती बहुधा शिडीवर असे, फडक्याने डबा पुसत. आभाळातून खाली लोंबल्यासारखी दिसे. पुसून झालं की टेकडीकडे बघे. ताटली आपल्याकडे वळली आहे हे तिला खालून दिसत असणार, कारण एकदा तिने हात हलवला. दुसऱ्या दिवशी परत. मीही रडारच्या केबिनच्या दारात येऊन हात हलवला. दीड किलोमीटरवरून माझा हात तिला दिसणं शक्य नव्हतं, हे कोन मोजणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. तरी मी तो रोज हलवत असे.

आता हे लिहायचं तर पूर्ण लिहितो. माझी बायको शांता कावीळ होऊन गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आई चंद्रपूरला किल्ल्याच्या आतल्या वस्तीत, सकाळ-संध्याकाळ विहारात जाणारी. पंधरा दिवसांतून एकदा मी बसने तिच्याकडे जाई. ती दुसऱ्या लग्नाचा विषय काढी आणि मी दुपारचीच बस पकडून परत येई. टेकडीवर बोलायला कुणी नव्हतं. वैरागडे साहेब नागपूरला फोन लागतो का बघण्यात गुंतलेले, पुंडलिक जनरेटरशी भांडण्यात. मी केबिनमध्ये दार लावून हिरव्या पडद्यासमोर बसे आणि दिवसाकाठी माझ्या तोंडून शंभर शब्द जात असतील, तेही बहुतेक आकडेच. त्या दिवसांत सकाळी आठचं ते पाच मिनिटांचं काम मी पंधरा मिनिटं करत असे. त्यात वाईट काही नव्हतं. एक माणूस रोज आपल्या कामाला असतो आणि आपल्या दिशेने हात हलवतो, एवढंच मला पुरत होतं.

एप्रिल संपता संपता विमानाची माणसं टेकडीवर जेवायला आली. सगळे ताटांवर बसलेले आणि पुंडलिकला रंग चढला.

"रामटेकेबाबूचा कोन लवकर नाई जुळत साहेब," तो म्हणाला. "पंदरा मिनटं लागते. खांब पाह्यते का खांबावाली पाह्यते, कोनाले मालूम!"

सगळे हसले. वैरागडे साहेबही हसले, म्हणाले, "असू दे रे, पक्षीमित्र आहेत ते." आणखी हसणं झालं. पुंडलिक दुष्ट नव्हता, हशा पिकला म्हणून पुढे बोलत गेला. "गावातबी बाया बोलून राह्यल्या. म्हनते, गिरजीवर सरकारनं डोळा ठेवला."

मी ताटावरून उठलो नाही. भात संपवला, ताट धुतलं. आतून मात्र इतका पेटलो होतो की हातातलं ताट चेपलं असतं. राग पुंडलिकचा नव्हता. माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती आणि ती या लोकांनी चारचौघांत उघडी करून तिचं हसं केलं, याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुर्बिणीला डोळा लावला नाही. रडारने खांब धरला, काटा स्थिर झाला, मी तबकडी ठरलेल्या आकड्यावर आणली. रजिस्टरात रडारचा रकाना भरला आणि शेजारच्या दुर्बिणीच्या रकान्यात तोच आकडा उतरवून खाली सही केली. सगळं दीड मिनिटात. एक क्षण बघून डोळा काढला असता तर कुणी काही म्हणणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आता एक क्षणही नाही, असा हट्ट मी धरून बसलो. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्याही. हट्टाची सवय झाली. मे महिन्याचे तीन आठवडे दुर्बिणीचा रकाना मी न बघता भरला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी विमानवाल्यांचा निरोप आला. नकाशावर रेघा जुळत नव्हत्या. वैनगंगेच्या एका वळणावरून विमान गेलं तेव्हा वैमानिकाने नदी डोळ्यांनी पाहून वेळ टिपली होती. आमचे आकडे सांगत होते की त्या वेळी विमान जंगलावर होतं, नदीपासून पाऊण किलोमीटर आत. वैरागडे साहेब केबिनमध्ये आले. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"रामटेके, खांब धरा."

मी धरला. काटा स्थिर. मग त्यांच्यासमोर दुर्बिणीला डोळा लावला. फुली मधोमध नव्हती. खांब पार बाजूला होता. मधोमध होतं ते एक छप्पर, नवंकोरं, पत्र्याचं, उन्हात लखलखणारं.

मला एका क्षणात सगळं समजलं. गिरजाबाईने तणस काढून पत्रे चढवले होते. त्यांचा उतार नेमका आमच्या टेकडीकडे, आणि आमच्यापासून लांबी खांबाएवढीच. खांबावरच्या डब्यापेक्षा एवढ्या मोठ्या पत्र्यावरून आवाज कितीतरी जोरात येणार. यंत्र बिचारं जोरात बोलणाऱ्याकडे वळलं. एक अंशाहून जरा जास्त. दीड किलोमीटरवर तो तीस पावलांचा फरक. चाळीस किलोमीटरवर तोच पाऊण किलोमीटर होतो. तीन आठवड्यांच्या सगळ्या रेघा तेवढ्याने सरकलेल्या. त्या नकाशावरून पुढे कुणी भोक पाडायला गेलं असतं तर भलत्याच ठिकाणी पाडलं असतं.

"कारण लिहून द्या," साहेब म्हणाले. "आजच नागपूरला कळवायचं आहे."

मी बसलो आणि लिहिलं: 'खातेमान्य खांबालगत नव्याने पत्र्याचे छप्पर घातले गेल्यामुळे कोनात चूक उद्भवली.' वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सही केली. रजिस्टर त्यांनी उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यात दोन्ही रकाने छान जुळलेले होते.

चार दिवसांत हुकूम आला. पत्रे ताबडतोब उतरवावेत. खांबाची राखण सध्याच्या इसमाकडून काढून घ्यावी. हुकूम घेऊन पुंडलिक खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुर्बिणीतून पाहिलं तर छप्पर नव्हतं. चार भिंती उघड्या, त्यांच्यात म्हातारी सासू बसलेली, आणि गिरजाबाई बांबूंवर जुनं, काळं पडलेलं तणस पसरत होती. मे महिन्यात चांगलं तणस कुणाकडे उरतं? फुली मात्र अगदी मधोमध आली. मी दोन्ही रकाने भरले.

त्याच दिवशी उन्हं कलताना ती टेकडी चढून आली. केबिनच्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला पहिल्यांदा सरळ पाहिलं. माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली, बोटं तेंदूपत्त्याने काळी झालेली. हातात ते डबा पुसायचं फडकं.

"रामटेकेबाबू तुमीच काय?"

"हो. बसा बाई."

"बसाले नाई आली. हे फडकं सरकारचं होतं, वापस कराले आली." तिने ते दाराच्या पायरीवर ठेवलं. "अन् एक इचाराचं होतं. रोज सकाळी हे ताटली माह्याकडं फिरे. पुंडलिकभाऊ म्हने, तिच्यात दुर्बीन आहे, बाबूले तिथून मुंगीबी दिसते. मंग माह्या भावानं माजरीहून पत्रे आनून चढवले, ते तुमाले तीन हप्ते दिसले नाई?"

माजरीच्या कोळसा खाणीत तिचा भाऊ होता, हे मला तेव्हा कळलं.

"दिसले असते," मी म्हणालो. "मी पाहिलं नाही."

"काऊन?"

मी समोरच्या तबकडीकडे बघितलं. शेवटी म्हणालो, "लोक बोलत होते."

"मले मालूम आहे काय बोलत होते. मी त्याच गावात राहून राह्यली बाबू, टेकडीवर नाई. हापशीवर गेली का बाया चूप बसे. सासू दोन दिवस माह्यासंग बोलली नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "पन मी डबा पुसाचा नाई सोडला. काम होतं न ते. तुमाले तं नुसतं पाहाचं होतं."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी मला पुष्कळ झापलं, त्यातलं एकही वाक्य आज आठवत नाही. हे आठवतं.

"कागदावर काय लिवलं तुमी?" तिने विचारलं.

"पत्र्यांमुळे चूक झाली, असं."

"हो. पत्रे काई बोलत नाई न." ती जायला वळली आणि परत थांबली. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तं भावानं छप्पर त्या बाजूनं उतरतं केलं असतं. तो इथीच होता चार रोज. बांबू, खिळे, सारं होतं. एवढंच तं होतं."

ती उतरून गेली. मी केबिनमध्ये बसून राहिलो. एवढंच तं होतं, हे खरंच होतं. उतार फिरवला असता, नाहीतर खांब पन्नास पावलं पलीकडे नेला असता, तर विमान, नकाशा आणि छप्पर, कुणाचंच काही बिघडलं नसतं. त्यासाठी कुणीतरी पहिल्या सकाळी एकदा डोळा लावायला हवा होता, आणि ते माझं काम होतं.

त्या संध्याकाळी मी दुसरा कागद लिहिला. दुर्बिणीचा रकाना तीन आठवडे मी दुर्बिणीतून न पाहता भरला, नियमाप्रमाणे पाहिलं असतं तर चूक पहिल्याच दिवशी लक्षात आली असती, पत्रे घालणाऱ्या बाईचा यात दोष नाही. वैरागडे साहेबांनी तो वाचून टेबलावर ठेवला.

"अहो, प्रकरण मिटलं आहे. आता हे कशाला? तुमच्यावर चार्जशीट येईल."

"येऊ द्या."

"त्या बाईसाठी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही आपण काय विचारलं ते कळलं असावं. त्यांनी कागद पुढच्या टपालात घातला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर मृग लागून गेला होता, विमान परत गेलं होतं आणि आम्ही तंबू गुंडाळत होतो. दुर्बिणीतून न पाहता रकाना भरला म्हणून त्या पत्राने मला रडारवरून काढून नागपूरच्या भांडारात पाठवलं होतं. तिथून पुढे मी कधी कुठल्या ताटलीजवळ गेलो नाही. उरलेली सगळी नोकरी स्पेअर पार्टांच्या कपाटांमध्ये गेली. आजवर मी 'रडारवर होतो' असं सांगतो, पण ते साडेचार वर्षांचंच आहे. त्याच पत्रात खाली एक ओळ होती, की पत्र्यांबाबतचा हुकूम रद्द समजावा.

ते पत्र घेऊन मी स्वतः खाली उतरलो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. पायवाट चिखलाने भरली होती. गिरजाबाई झोपडीपुढे एक पोतं उलटं करून बसली होती. छप्पर दोन ठिकाणी गळत होतं आणि ज्या कोपऱ्यात पेरणीचं धान ठेवलं होतं तोच भिजला होता. पोत्यात दाण्यांना मोड आले होते. चांगले दाणे ती वेगळे करत होती. फार निघत नव्हते.

मी हुकूम रद्द झाल्याचं सांगितलं. "आता पत्रे घालता येतील," म्हणालो.

"पत्रे भाऊ घेऊन गेला. त्याच्या घरावर चढले ते." तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "काय लिवलं आहे त्याच्यात? वाचा."

मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग उठली, हात झटकले, घागर कमरेवर घेतली, सासूला हाताला धरून बाहेर आणलं आणि मला म्हणाली, "चला."

ती मला गावात घेऊन गेली. हापशीवर सात-आठ बायका होत्या, पारावर काही माणसं. गिरजाबाई मधोमध उभी राहिली.

"हे टेकडीवरचे बाबू आहेत," ती म्हणाली. "सरकारचं पत्र आलं. बाबू, वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचायला लागलो. भाषा सरकारी होती, कुणाला समजेना. ती म्हणाली, "साध्या मराठीत सांगा." तेव्हा मी कागद खाली केला आणि सांगितलं, की मी दुर्बिणीतून खाली पाहायचं काम करत नव्हतो. न पाहताच खोटे आकडे लिहिले. चूक माझी आहे, या बाईंची नाही. म्हणून मला इथून काढलं आहे.

"पाह्यतच नोहोते?" एका म्हातारीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पाहतच नव्हतो."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने गिरजाबाईची घागर घेऊन हापशीखाली लावली. सासू गिरजाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एवढंच झालं, पण गिरजाबाईला तेवढंच हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जा बाबू आता. मूलची गाडी निंगून जाईन."

मी निघालो. त्या तीन आठवड्यांआधीच्या कित्येक महिन्यांत एक सकाळ चुकली नव्हती. मी पाहत होतो, आणि त्या सगळ्या दिवसांत तेवढ्या एकाच वेळेला मी एकटा नसायचो, हे मला तिला सांगायचं होतं. पण ज्या वाक्याने तिचं घर सावरलं त्याच्या नेमकं उलटं ते वाक्य होतं. ते मी तिथं बोललो नाही आणि नंतरही कुणाजवळ बोललो नाही.